काजूचा डाग

फाल्गुन लागला की आमच्या घरात कुणाचे हात बघण्यासारखे राहत नाहीत. ओला काजू चिरायचा म्हणजे टरफलातला चीक उडणारच, आणि चीक उडाला की कातडी भाजते, काळी पडते, मग हळूहळू सालं निघतात. हाताला राख फासा, खोबरेल चोपडा, प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, तो आपली जागा शोधून काढतोच. माझं माहेर जामसंड्याचं, आंब्याच्या कलमांतलं. मालवणपासून आत, डोंगराला टेकलेल्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच हंगामात हनुवटीवर चीक उडाला आणि मी रडायला बसले. नणंद आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, काजू चिरत होती. ती उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "रडू नको. आता तू आमची झालस."

ही माझी थोरली नणंद. नवरा गेल्यावर भावाकडे परत आली ती कायमचीच. तिला मी ताई म्हणते आणि एकेरीत बोलते. सुरुवातीला अहो-जाहो केलं, तर "मी काय मामलेदार आसंय?" म्हणून तिनेच ते बंद पाडलं. आमचे हे बोलण्याच्या बाबतीत भलतेच काटकसरी. सकाळी एक "हं" आणि रात्री एक. त्यामुळे घरात बोलायला आणि भांडायला आम्ही दोघीच. मागीलदारी फणसाखाली बसून काजू चिरायचे आणि एकमेकींची उणीदुणी काढायची, हा आमचा दुपारचा कार्यक्रम. लोकांना वाटतं आमचं पटत नाही. लोकांना काय कळतंय.

भांडणाचं एक कायमचं कारण म्हणजे तिचा कुत्रा. काजूच्या बागेत दिवसभर हुंदडायचं, गुरांच्या गोठ्यात लोळायचं आणि दुपारी येऊन तिच्या मांडीवर डोकं टाकायचं. मग ती त्याच्या कानामागच्या गोचिडी काढत बसायची आणि एकेक पायरीवर ठेवून अंगठ्याच्या नखाने चिरडायची. तो आवाज ऐकला की मी तोंड फिरवायची. मी म्हणायची, "त्याच हाताने काजू चिरतेस, शी." तर ती म्हणायची, "मगे तू काढ."

गेल्याच्या गेल्या फाल्गुनात तिला ताप आला.

पहिल्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाली आणि कपाळाला फडकं बांधून काजूच चिरत बसली. दुसऱ्या दिवशी आडाळ्यावरून उठताना भिंत धरली. मी डॉक्टरचं नाव काढलं. दवाखाना म्हटलं की तिचा आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बागेत काजू पडून आहेत आणि ही दवाखान्यात जाईल होय. "उन्हाचो ताप आसा. कायएक होवक नाय माका." मग अंगावर लाल पुरळ दिसायला लागलं. तिने स्वतःच निदान करून टाकलं: ओले काजू जास्त खाल्ले, उष्णता झाली, पित्त उठलं. पित्तावर आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. मी वाटीभर कोळून दिलं, तिने अंगाला चोळलं. सगळं घर आंबट वासाने भरलं आणि ताप होता तिथेच राहिला.

त्याच वेळी तिच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, मी एक काळा डाग पाहिला होता. कुणीही पाहिला असता. बागेत काजू गोळा करताना बायका साडीचा ओचा कमरेला खोचतात आणि त्यात बिया भरतात, ओल्या, कच्च्या, चिकासकट. त्यामुळे हंगामात कमरेला डाग नसेल ती बाई घरात बसून खाणारी असं आम्ही समजतो. तिने त्यावर खोबरेल लावलं होतं. विषय संपला.

ताप चढला तशी ती बडबडायला लागली. पहाटे मला हाक मारून म्हणाली, "गो, आवाठात कोण रडता?" आवाठात, म्हणजे आमच्या वाडीत, कोणी रडत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. ह्यांना उठवलं, ह्यांनी "हं" न म्हणता थेट शेजारच्यांची गाडी दारात आणली, आणि आम्ही तालुक्याच्या गावातला दवाखाना गाठला.

डॉक्टर घाटावरून आलेला तरुण मुलगा. नीट बोलणारा, घाई न करणारा. आमच्याकडे कचेरीत आणि दवाखान्यात आम्ही पुस्तकी मराठी बोलतो. ताई मात्र कुणापुढे भाषा बदलत नाही. त्याने विचारलं, "आजी, काही चावलं होतं का? गोचीड, पिसू?"

ती तेवढ्या तापातही म्हणाली, "माका खंय चावतत? मीच तेंका मारतंय."

डॉक्टर हसला. मग मला म्हणाला, "अंगावर कुठे काळी खपली आहे का? सिगारेटचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही अशी. नीट आठवून सांगा, महत्त्वाचं आहे."

ताईने डोळे मिटूनच मान हलवली. मीही नाही म्हटलं. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. त्याने खपली विचारली होती, आणि खपली आम्ही पाहिलीच नव्हती. आम्ही काजूचा डाग पाहिला होता. तरी त्याने सोडलं नाही. पुरुषाने तपासलेलं ताईला चालणार नाही हे ओळखून त्याने नर्सला सांगितलं, पडदा ओढा आणि सगळं अंग बघा. नर्स आमच्याच भागातली, लग्न झालेली, घरी काजू असलेली. तिने पाहिलं. कमरेवरचा डाग पाहिलाच. पडद्याबाहेर येऊन म्हणाली, "खपली नाही डॉक्टर. कमरेला थोडा काजूचा चीक लागलाय, तो इकडे सगळ्यांनाच असतो." आणि पुरावा म्हणून तिने स्वतःचं मनगट पुढे केलं. तिथे तसाच काळा डाग होता. मी माझी बोटं दाखवली. आम्ही बायका त्याच्याकडे जरा कौतुकानेच बघत होतो, घाटावरच्या पोराला आमचा काजू माहीत नाही म्हणून.

पुरळ तिथेही आहे का बघायला त्याने तिचे तळहात उलटून पाहिले. ते चिकाने काळे आणि सोललेले. तळपाय पाहिले. ते जन्मभर तांबड्या मातीत वावरलेले, त्यांचा मूळ रंग कोणता हे तिलाही ठाऊक नसेल. तो बराच वेळ ते पाय हातात धरून बसला. मग उठला, सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू केली आणि रक्त तपासायला पाठवलं.

डेंग्यू नाही असं आलं. लेप्टो नाही असं आलं. दोडामार्गाकडे माकडताप असतो, म्हणून त्याचाही नमुना कुठेतरी लांब पाठवला. ती बातमी आमच्याआधी गावात पोचली. माकडताप माणसामाणसात पसरत नाही हे डॉक्टरने मला समजावलं होतं, पण गावाला कोण समजावणार. घरी गुरांना पाणी दाखवायला यायचा तो माणूस येईनासा झाला. फोन करणारे लोक आधी "कशी आसा?" विचारायचे आणि मग "तुका ताप नाय मा?" असं. मी एकीला सांगितलं, मला ताप नाही, डोक्याला ताप आहे, ठेव फोन.

ताईचा ताप उतरेना. रक्तातल्या पेशी कमी होत गेल्या. लघवी कमी झाली. चेहरा सुजला. ती मला ओळखायची, मग ओळखायची नाही. मध्येच हात हवेत धरून काजू चिरायची, एका हाताने बी धरल्यासारखं आणि दुसऱ्याने गर काढल्यासारखं, आणि ते गर माझ्या ओंजळीत टाकायची. मी ओंजळ पुढे करायची. काय करणार होते? बाजूच्या खाटेवरची बाई बघत होती, बघू दे.

एका दुपारी डॉक्टर आला आणि ह्यांना बाहेर घेऊन गेला. मी दारातून ऐकलं. "रक्तदाब टिकत नाही. इथे ठेवण्यात अर्थ नाही. गोव्याला न्या."

आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गोव्याला नेलेली माणसं परत येतात, नाही असं नाही. पण गोव्याला नेलं म्हटलं की नातेवाईक कामं सोडून निघतात. ह्यांनी भिंतीला टेकून तोंड झाकलं. माझ्या संसारात मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही. मला त्यांचा राग आला. आत्ता नाही, म्हटलं, आत्ता रडायचं नाही, गाडी येतेय. खरं सांगायचं तर मीच आतून कोसळले होते. ती मेली तर मी कोणाशी बोलणार, हाच एक विचार डोक्यात फिरत होता. स्वार्थी म्हणा, पण भीती अशीच असते.

रुग्णवाहिकेला फोन गेला. ती कणकवलीकडून निघाली होती. नर्स म्हणाली, साडी बदलून गाऊन घाला, तिकडे तपासायला सोपं जाईल. मी पडदा ओढला, ओलं फडकं घेतलं आणि तिचं अंग पुसायला लागले. गोव्यातले लोक काय म्हणतील, बाईला धुतलीसुद्धा नाही, असलं काहीतरी माझ्या डोक्यात. माणूस कुठल्या वेळी काय विचार करतो, देवाला ठाऊक. कमरेपाशी आले. तो काळा डाग तसाच होता. म्हटलं, घाण दिसतेय, पुसून काढू. फडक्याने जोर लावून घासलं.

ती हलली नाही.

मी थांबले. चिकाचा डाग कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. त्याच्यावरून साडीचा पदर गेला तरी आग होते. घासायचं तर सोडाच, फुंकर घातली तरी माणूस उठून बसतो. आणि ताई तर अशी, की चिकाच्या जागी चुकून कोपर लागलं तर माझ्या माहेरच्या सात पिढ्या काढायची. मी पुन्हा घासलं. काहीच नाही.

मग वाटलं, शुद्धच नसेल. शुद्ध नसलेल्या माणसाला काय दुखणार? पण एक गोष्ट करून बघावीशी वाटली. तिच्या उजव्या तर्जनीवर ताप येण्याच्या आदल्याच दिवशी चीक उडाला होता. माझ्यासमोरच उडाला होता, म्हणून तो चीकच हे मला पक्कं माहीत होतं. साल निघून ती जागा अजून ओली होती. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि तिथे अंगठा दाबला.

तिने हात झटकन ओढून घेतला. डोळे मिटलेलेच, पण ओठातून शिवी स्पष्ट आली, "आवशीक खाव."

मी कमरेवर दाबलं. ती गप्प. बोटावर दाबलं. कण्हली. कमरेवर नख रोवलं. गप्प. खाली वाकून पाहिलं तर त्या काळ्या डागाच्या भोवती लालसर कडं होतं. चिकाला असं गोल कडं नसतं, चीक ओघळतो. आणि एवढ्या दिवसांत चिकाची सालं निघायला हवी होती. हे तर घट्ट बसलं होतं. खपलीच ती. डॉक्टरने सांगितलेलं सगळं तेव्हा आठवलं. काळी, चटका बसल्यासारखी, न दुखणारी. त्याने महत्त्वाचं आहे म्हटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आमचं झालं होतं, फक्त काखेऐवजी कमरेत.

मी पडदा न सारता त्याच्यातूनच बाहेर पडले असणार, कारण तो नंतर फाटलेला दिसला. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाजवळ होता. त्याच्या कोपराला धरून ओढलं आणि म्हटलं, "तो काजूचा डाग नाही. दुखत नाही तो."

पुस्तकी मराठी बोलले की मालवणी, आठवत नाही. त्याला कळलं एवढं खरं. त्याने बॅटरी धरून पाहिलं. मग विचारलं, "घरी कुत्रा आहे?"

म्हटलं, "आहे. त्याच्या गोचिडी ह्याच काढतात."

"तरी मला म्हणाल्या की चावत नाहीत." तो मुलगा रागावला नव्हता, पण तोंड उतरलं होतं त्याचं. नर्स मागे उभी होती. ती आपलं मनगट दुसऱ्या हाताने दाबून बघत होती. तिचं दुखलं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

पुढचं सगळं भराभर झालं. गोचीड चावते तेव्हा तिच्या लाळेतून जंतू रक्तात जातात आणि रक्तवाहिन्यांना आतून पोखरायला लागतात, असं त्याने औषध काढता काढता सांगितलं. आजवर देत होतो त्या इंजेक्शनांना हे जंतू भीक घालत नाहीत. याचं औषध वेगळं, जुनं आणि साधं, पण वेळेत पडावं लागतं. "वेळ गेली का?" मी विचारलं. तो म्हणाला, "रिपोर्टची वाट बघायची नाही, एवढं मी करू शकतो." पहिला डोस त्याने तिथेच दिला. गोव्याच्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. रुग्णवाहिका दारात येऊन उभी राहिली तेव्हा औषध तिच्या नसांत चालू होतं.

सावंतवाडी गेली, बांदा गेला. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. मी तिचं ते दुखरं बोट हातात धरून बसले होते आणि दर थोड्या वेळाने दाबत होते. ती ओढून घ्यायची. एकदा, गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्याच्या आसपास, तिने ओढून घेतलं नाही. मी जोराने दाबलं. तरी नाही. ड्रायव्हरला म्हटलं, पळव. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मग बोट किंचित हललं. किंचितच.

गोव्यात औषध चालू राहिलं. एक दिवस काही झालं नाही. दुसरा दिवस सरता सरता ताप उतरायला लागला, आणि उतरला तो उतरलाच. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, मग अंगावरच्या गाऊनकडे. म्हणाली, "ह्यां काय घातलंस माका? आणि माझ्या बोटाक काय केलंस?" बोट सुजून टम्म झालं होतं. माझ्या जिवात जीव आला आणि मी तिथेच, खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून, सगळ्या वॉर्डासमोर रडले.

तिचा डावा कान मात्र गेला. त्या तापात कधीकधी जातो म्हणाले. आता ती मला ओरडून बोलायला लावते आणि वर म्हणते, "बोंबलतस कित्याक?" ह्यांनी घरी येताच कुत्र्याला कुठेतरी सोडून यायची भाषा केली होती. मी म्हटलं, तो जाणार नाही. हयातभर ज्याला शिव्या घातल्या त्याची वकिली मी करतेय हे बघून त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की पूर्ण वाक्य बोलले. गुरांच्या डॉक्टरकडून कुत्र्यासाठी औषध आणलं, गोठ्यात फवारलं. गोचिडी आता मी काढते, हातमोजे घालून, चिमट्याने, आणि नखाने चिरडायची सोय नाही. ताई बाजूला बसून मला चुका काढून दाखवते.

यंदाही फाल्गुन आला आणि काजू आले. ताईला बागेत पाठवायचं नाही असं ठरलं होतं. कुणी ठरवलं होतं कोण जाणे, ती पहिल्या दिवसापासून जातेच आहे. येताना मी तिला न्हाणीत उभी करते आणि सगळं अंग तपासते. ज्या बाईने डॉक्टरला कंबर दाखवली नाही ती आता मुकाट उभी राहते. गावातल्या आणखी दोघीतिघी हल्ली येतात, पाठ बघ म्हणून.

परवा मी मागीलदारी बांगडे साफ करत होते. ताई आली, पायरीवर बसली आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. पोटरीच्या आतल्या बाजूला काळा डाग होता, वाटाण्याएवढा. सकाळी नव्हता. निदान मला तरी दिसला नव्हता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्या वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती. आजारी असताना ती शुद्धीवर नव्हती, भीती सगळी आम्हीच भोगली होती. तिच्या वाट्याची ती आत्ता आली होती.

"दाब," म्हणाली.

मी हात धुतले. पुसले. पुन्हा पुसले. माझा अंगठा पुढे जाईना. कुत्रा जवळ येऊन बसला.

"दाब गो."

मी दाबलं. ती पायरीवरून हातभर उडाली आणि माझ्या आई-वडिलांपासून सुरुवात करून, जामसंड्याच्या सगळ्या माणसांचा उद्धार करत, त्या गावाला पोरीबाळींना वळण लावता येत नाही इथपर्यंत आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. पोटरी दोन्ही हातांनी धरून ती म्हणाली, "दुखता. मेला दुखता गो." आणि हसायला लागली. मीही हसत होते, हाताला बांगड्यांचा वास तसाच.

मग खात्री करून घ्यावी म्हणून मी आणखी एकदा दाबलं.